भाकरीची पोळी कुणी केली?

लग्नाच्या बोलणीत, हळदीकुंकवात, गावच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आजकालच्या पोरींना भाकरी थापता येते का?" म्हणजे मराठवाडा, सोलापूर, नगर, बीडकडच्या घरांतली रोजची भाकरी गेली आणि तिच्या जागी पोळी आली, याचा दोष सुनेच्या हातांवर. कुणी जरा उदार असेल तर म्हणतं, "माणसाची जीभच बदलली."

दोन्ही कारणं मला फारशी पटत नाहीत. दोन-तीन पिढ्यांत लाखो घरांची जीभ आपोआप एकाच दिशेला वळत नाही. ताटातली भाकरी मागे सरली त्याला अमेरिकेचा एक कायदा, दिल्लीतली दोन कार्यालयं, बहात्तरचा दुष्काळ, उजनीचं पाणी, लातूरचा सोयाबीन बाजार आणि घराबाहेर कामाला जाणारी बाई, एवढी मंडळी जबाबदार आहेत. राजकारण आणि अर्थकारण आपल्या रोजच्या जगण्यात शिरतं म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला ताटाइतकी सोपी जागा दुसरी नाही. (कोकणातला भात आणि नाचणी यांची गोष्ट वेगळी आहे, ती इथे घेत नाही.)

आधी जुनी घडी पाहू. कोरडवाहू मुलखात ज्वारी हे पीक कमी आणि चलन जास्त होतं. सालगड्याचा साल ठरायचा तो काही रोख आणि काही पायल्या ज्वारीत. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांचं बलुतं खळ्यावरच निघायचं. काढणीला आलेल्या बायकांची मजुरी म्हणजे कणसं किंवा पेंढ्या. दाणे माणसाला, कडबा बैलाला, आणि बैल पुन्हा शेताला. या साखळीतली प्रत्येक कडी ज्वारीशी बांधलेली होती. गहू व्हायचा तो विहीर असलेल्याच्या शेतात, आणि खाल्ला जायचा सणाला, पाहुणा आला तर, किंवा गावातल्या मोजक्या घरांत. होळीची पुरणपोळी वर्षातून एकदाच व्हायची, कारण गहूच तेवढा असायचा. त्यामुळे गव्हाला मान होता. ज्वारी पोटाची आणि गहू प्रतिष्ठेचा, ही समजूत लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

या घडीला आतून गोडवा होता असं मात्र कुणी समजू नये. ज्याच्या कणगीत ज्वारी, त्याच्या दारात बाकीचे उभे. बलुत्याची पेंढी मोठी द्यायची की लहान, हे देणारा ठरवायचा, आणि घेणाऱ्याची जात कोणती यावर ते बरंच अवलंबून असायचं. भाकरीच्या आठवणीनं गहिवरून लिहिणारे बहुतेक जण देणाऱ्यांच्या घरातले असतात.

आता थोडं दिल्लीकडे जाऊ. मुंबईत रेशन सुरू झालं १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात. पण रेशन हे आपल्या आहाराला वळण लावणारं यंत्र बनलं ते पुढे. अमेरिकेनं १९५४ मध्ये पब्लिक लॉ ४८० हा कायदा केला. तिथे धान्य उतू जात होतं, ते गरजू देशांना सवलतीनं द्यायचं आणि पैसे त्या देशाच्या चलनात घ्यायचे, असा तो व्यवहार. भारतानं ऑगस्ट १९५६ मध्ये त्याखाली करार केला. त्यानंतर अमेरिकी गहू बंदरांवर उतरू लागला, रेशनवर आला, आणि शहरांना स्वस्त गव्हाची सवय लागली. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षं दुष्काळाची गेली. तेव्हा तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याचा दोर मुद्दाम आखूड धरला. जहाजं एकेका टप्प्यानं सुटत, आणि पुढचं येईल की नाही हे आपल्या सरकारच्या परराष्ट्र धोरणावर ठरे. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं ते याच काळात.

या परावलंबनातून सुटायचं म्हणून १९६५ च्या सुरुवातीलाच दोन संस्था उभ्या राहिल्या होत्या. एक, धान्य खरेदी करून साठवणारं भारतीय अन्न महामंडळ. दुसरी, पिकांचे भाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग. तेव्हा चिदंबरम सुब्रमण्यम कृषिमंत्री होते. मेक्सिकोहून ठेंगण्या जातीच्या गव्हाचं १८ हजार टन बियाणं १९६६ मध्ये आलं, आणि पंजाब-हरियाणाच्या कालव्याखालच्या जमिनीत ते असं काही रुजलं की चित्रच पालटलं.

या यंत्राचं काम कसं चालतं ते नीट पाहायला हवं, कारण आपल्या ताटाची किल्ली तिथेच आहे. सरकार हमीभाव वीसेक पिकांना जाहीर करतं. पण जाहीर करणं वेगळं आणि त्या भावानं माल खरेदी करणं वेगळं. दरवर्षी हमखास, ढिगानं खरेदी होते ती गहू आणि तांदळाची, कारण रेशनवर तेच द्यायचं असतं. आणि रेशनवर तेच दिलं जातं, कारण गोदामात तेच असतं. एकदा हे चक्र फिरू लागलं की पंजाबच्या शेतकऱ्याला गहू लावण्यात धोका राहत नाही, आणि बीडच्या मजुराला गहू खाण्यावाचून स्वस्त पर्याय राहत नाही. मधल्या वाटेवर मनमाडचं अन्न महामंडळाचं अवाढव्य कोठार आहे. तिथे रिकाम्या होणाऱ्या मालगाड्या आपला आहार ठरवतात असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मग ज्वारीसाठी कुणी काहीच केलं नाही का? केलं. सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी १९६४ मध्ये आली. लोक तिला नुसतं 'हायब्रीड' म्हणू लागले. उत्पन्न वाढलं, पण ती खरिपातली, लवकर तयार होणारी. दाणा भरायच्या वेळीच परतीचा पाऊस गाठायचा आणि कणीस काळं पडायचं. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही आणि भाकरीला चव नाही. शेतकरी हायब्रीड विकायचा आणि घरी खायला रब्बीची मालदांडी ठेवायचा. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीनं तयार झालेली ही जुनी जात, एम ३५-१, आजही खाणाऱ्यांची पहिली पसंती आहे. पण ती जमिनीतल्या ओलीवर येते. हेक्टरी ८-१० क्विंटल म्हणजे बरं पीक. पंजाबचा गहू हेक्टरी ४५ क्विंटलच्या पुढे. हिशेब इथेच संपतो.

बहात्तर

महाराष्ट्राच्या खेड्यांत 'बहात्तर' एवढंच म्हटलं तरी पुरतं, साल सांगावं लागत नाही. सलग तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली, आणि १९७२-७३ मध्ये कणग्या खरोखर तळाला गेल्या. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. राज्यभर दुष्काळी कामं निघाली: खडी फोडायची, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. कामावर सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचं कोरडं खाणं, मिळायची. रेशनवर मिळायचा मिलो.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिथे ती जनावरांना घालतात हे लोकांना कळायला वेळ लागला नाही. तिची भाकरी लालसर व्हायची, चवीला लागायची नाही. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्याकडून अजूनही तिच्याबद्दल एक चांगला शब्द ऐकायला मिळत नाही. पण तिनं माणसं जगवली, हेही तेच लोक सांगतात.

बहात्तरनं ज्वारीचं चलन मोडलं. आजवर मजुरी गावातल्या बागायतदाराच्या कणगीतून निघत होती, ती आता सरकारच्या मस्टरवरून (हजेरीपटावरून) निघू लागली, आणि रोख. गावच्या पाटलाला न विचारता काम मिळू शकतं, हा अनुभव भूमिहीनांनी, त्यातही दलितांनी आणि बायकांनी, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या संख्येनं घेतला. कामाच्या मापावर मजुरी असल्यानं बाईला आणि बाप्याला एकच दर. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात विसापूरला करून पाहिलेली कल्पना या दुष्काळात राज्याची योजना झाली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून. पगाराच्या पावतीवर आजही 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणून जी कपात दिसते, तिचा उगम तिथला. देशाला असा कायदा मिळायला २००५ उजाडलं.

हातात रोख आली की माणूस दुकानात जातो. आणि दुकानात, रेशनच्या असो वा किराण्याच्या, पिशवीत गहूच पडतो. वर गव्हाचा जुना मान होताच. ज्या घरात पोळी वर्षातून चार वेळा व्हायची, तिथे ती रोज करता येऊ लागली तर कोण नाही म्हणेल? भाकरी सोडणं हा पुष्कळांसाठी ऱ्हास नव्हता, वर चढल्याची खूण होती. दुसऱ्याच्या खळ्यावर पेंढीसाठी ताटकळलेल्या माणसाला "ज्वारी किती पौष्टिक" हे सांगायला जाणं म्हणजे मोठाच आगाऊपणा.

शहरातही तेव्हा खदखद होती. मुंबईत महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर पुढे होत्या, आणि मोर्च्यात हातात निशाण म्हणून लाटणी होती. भाकरीला लाटणं लागत नाही. शहराच्या स्वयंपाकघरात कोण बसलं होतं ते त्या निशाणावरूनही कळतं.

शेतातून ज्वारी का गेली

खाणारा बदलला तसा पिकवणाराही. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात ज्वारी ६० लाख हेक्टरांच्या पुढे होती. आज ती २० लाखांच्या आत आली आहे. सर्वांत जास्त घट खरिपात झाली, आणि ती जागा घेतली सोयाबीननं.

याचं कारण समजायला ज्वारीची सुगी जवळून पाहावी लागते. रब्बीची ज्वारी अजूनही पुष्कळ ठिकाणी हातानं उपटूनच काढतात. ताट मुळापाशी धरून ओढायचं, माती झटकायची, आडवं टाकायचं. दुपारपर्यंत तळहात सोलवटतात, म्हणून बायका चिंध्या गुंडाळतात, हातमोजे घालतात. मग पेंढ्या बांधायच्या, मग एकेक कणीस मोडायचं, मग खळं. त्याआधी महिनाभर पाखरं राखायची असतात. गावात सगळ्यांनीच ज्वारी लावली असेल तर पाखरं वाटली जातात. एकट्यानं लावली तर तालुक्यातल्या सगळ्या पाखरांची पंगत त्याच्याच रानात बसते. त्यामुळे शेजाऱ्यानं ज्वारी सोडली की दुसऱ्यालाही सोडावी लागते. हे कुठल्या सरकारी अहवालात सहसा सापडत नाही, पण बांधावर कुणीही सांगेल.

सोयाबीनला पाखरांची भीती नाही. साडेतीन महिन्यांत पीक हातात येतं, मळणी यंत्रानं एका दिवसात पोत्यात पडतं, दसरा-दिवाळीला रोख मिळते, आणि त्याच रानात हरभरा घेता येतो. त्याच्या पाठीमागेही धोरण होतं. खाद्यतेलाची आयात कमी करण्यासाठी केंद्रानं १९८६ मध्ये तेलबिया अभियान सुरू केलं. तेल गिरण्या आल्या, लातूरसारखी बाजारपेठ उभी राहिली. एकच फरक पडला, आणि तो मोठा: सोयाबीन घरात खात नाहीत. ज्वारीचा भाव पडला तर ती कणगीत राहायची, पोटात जायची. सोयाबीनचा भाव पडला की शेतकऱ्याकडे पडून राहतात ती नुसती पोती. २०२४ मध्ये हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याच्या कितीतरी खाली विक्री झाली, आणि विधानसभेच्या प्रचारात तोच विषय गाजला. पामतेलावर किती आयात शुल्क असावं, हा दिल्लीतला निर्णय आता लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या किंवा अहमदपूरच्या माणसाची दिवाळी ठरवतो.

सोलापूरकडे वेगळंच घडलं. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालवे आले, ऊस आला, आणि साखर कारखान्यांच्या संख्येत हा दुष्काळी जिल्हा राज्यात पुढे गेला. जवळच मंगळवेढा, ज्वारीचं कोठार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं. तिथल्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नाव होतं, पण पाणी ज्याच्या रानात पोचतं तो ऊसच लावतो. कारखाना उचल देतो, तोडणीला टोळी पाठवतो. ज्वारीच्या मागे असं कुणी उभं नाही.

कडब्याचंही तसंच. ट्रॅक्टर आला, बैल गेले. संकरित गाईंना मक्याचा मुरघास आणि उसाचं वाढं चालतं. दुष्काळी वर्षात कडब्याचा शेकडा, म्हणजे शंभर पेंढ्यांचा भाव, भलता चढतो, तेव्हा लोक दाण्यापेक्षा कडब्यासाठी ज्वारी लावतात, पण एरवी ज्वारीच्या हिशेबातला निम्मा फायदा बैलांबरोबरच निघून गेला.

आता सुनेच्या हातांकडे

भाकरीचं पीठ गव्हासारखं नसतं. त्यात चिकटून राहणारा धागा नाही. म्हणून आधण ठेवायचं, उकळतं पाणी घालून उकड काढायची, काठवटीत तळहाताच्या टाचेनं मळायचं, तेही एकेका भाकरीपुरतं. थापताना कड फाटू द्यायची नाही. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग आरावर फुगवायची. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते आणि कितीही मळलं तरी भाकरी थापताना चिरते. म्हणजे दर काही दिवसांनी ताजं दळण हवं.

या 'विरी'मुळेच ज्वारीच्या पिठाचा मोठा धंदा झाला नाही. गव्हाचं पीठ गिरणीत दळून, पिशवीत भरून, महिनोन्‌महिने दुकानात ठेवता येतं. त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या, जाहिराती आल्या. ज्वारीचं पीठ तसं थांबत नाही. शिवाय कणीक एकदा मळली की वीस पोळ्या सलग लाटता येतात, घडी घालून डब्यात भरता येतात, दुपारी दोनला त्या खाण्याजोग्या असतात. भाकरी दोन तासांत वातड होते. (सोलापूरची कडक भाकरी हा अपवाद, पण ती मुद्दामच वाळवलेली असते.)

आता अशी बाई डोळ्यांसमोर आणा जी सकाळी सातला लोकल, एसटी किंवा कंपनीची बस पकडते, आणि त्याआधी तीन डबे भरले गेले पाहिजेत. ती काय करेल? पोळी-भाजी केंद्रं, मेस, पुण्या-मुंबईत नगावर पोळ्या करून देणाऱ्या मावशी, सगळी व्यवस्था पोळीवर उभी आहे. भाकरीचा दर विचारलात तर तो जास्त सांगतात, आणि ते रास्त आहे. वेळ जास्त लागतो, हात जास्त भाजतो. "पोरींना येत नाही" या वाक्यात हा वेळ कुणाचा होता आणि तो फुकट का होता, हा प्रश्न सोयीनं गाळलेला असतो.

उलटा फेरा

गेल्या काही वर्षांत एक गंमत झाली. साखर आणि वजन वाढलेल्यांना डॉक्टर ज्वारी खायला सांगू लागले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून पाळलं, आणि ते भारताच्या पुढाकारानं. हॉटेलांच्या पाट्यांवर 'चुलीवरची भाकरी' आली. पेरा कमी आणि मागणी वाढलेली, त्यामुळे चांगली मालदांडी आता गव्हापेक्षा महाग पडते. ज्यांचे आजोबा पोळीला श्रीमंती समजत, त्यांची नातवंडं पैसे मोजून भाकरी खातात. आणि ज्वारी काढायला जाणारी मजूर बाई घरी रेशनच्या गव्हाची पोळी करते.

तिच्याकडून तो गहू काढून घ्यावा असं मुळीच नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळतं. कोविडच्या टाळेबंदीत हे दुकान नसतं तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. प्रश्न इतकाच की त्या ५ किलोंत काय असावं.

कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही लिहिलेलं आहे. किलोला २ रुपये गहू, ३ रुपये तांदूळ आणि १ रुपया भरडधान्य, असा मूळ दर होता. ज्वारीचा हमीभावही आता गव्हाच्या वर आहे: २०२४-२५ साठी मालदांडी ३,४२१ रुपये क्विंटल, आणि त्याच वर्षी खरेदी झालेल्या गव्हाचा २,२७५. अडतं ते खरेदीपाशी. ज्वारीची खरेदी केंद्रं थोडी, उशिरा उघडणारी, आणि खरेदी केलेला माल ठरावीक मुदतीत वाटून संपवायचा असतो. २०२१ मध्ये ही मुदत वाढवून ज्वारीसाठी ९ महिने केली. महाराष्ट्रात अधूनमधून काही जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी येते, जाते, आणि तिच्या प्रतीबद्दल कुरकुर होते. शेतकऱ्यानं पुढच्या हंगामात तिच्या भरवशावर पेरा वाढवावा, असा भरवसा त्यातून तयार होत नाही.

शेजारी कर्नाटकात मात्र दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी देण्याची पद्धत बसवली गेली. राज्य सरकार दरवर्षी हमीभावानं मोठी खरेदी करतं, त्यामुळे नाचणी लावणाऱ्याला गिऱ्हाईक कोण हे पेरणीच्या आधीच ठाऊक असतं. तिथल्या माणसांची जीभ काही आपल्याहून निराळी नाही. सोलापूरहून विजापूर ते केवढं.